आबांच्या शेळ्या आणि आईची बंदी

त्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन पक्ष होते आणि चूल एकच होती. एका पक्षात माझी आई, जिनं गावतळ्याच्या वरच्या बोडक्या डोंगरावर चराईबंदी आणली. दुसऱ्या पक्षात तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि त्यांच्या शेळ्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर चरत आलेल्या. दादा, म्हणजे माझे वडील, सणसवाडीला कंपनीत शिफ्टवर जात. घरी आले की जेवून झोपत आणि झोपायच्या आधी दोन्ही पक्षांना "बरोबर हाय तुमचं" एवढं सांगत. राहता राहिले मी. मी पाबळला कॉलेजात जायची, बारावीला होते, आणि माझ्या गळ्यात लाल दोरीत ओवलेली शिट्टी होती, कारण आईनं मला डोंगराची राखणदार केलं होतं. ज्या माणसाच्या पुढ्यात बसून मी शेळीचं दूध प्यायला शिकले, त्याच माणसाला पकडायची नोकरी मला लागली होती, आणि तीही बिनपगारी.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, जिथून डोंगराची पायवाट सुटते तिथं. सकाळी जाग यायची ती आबांच्या खोकल्यानं. त्यांचा खोकला ऐकला की शेळ्या उठून अंग झाडायच्या आणि त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची. मग आईचा फोन सुरू व्हायचा. आईला मोबाईलवर लिहायचा कंटाळा, त्यामुळं ती गावाच्या ग्रुपवर बोलूनच निरोप धाडायची: "सगळ्यांनी घमेली घेऊन यायचं, मागच्या वेळी कोण आलं न्हवतं ते माझ्या ध्यानात हाय." थोड्या वेळानं तोच आवाज आळीतल्या घराघरांतून मागंपुढं ऐकू यायचा, जणू आई सगळ्यांच्या चुलीपाशी बसून दम देतेय. आबा अंगणातल्या बाजेवरून त्या फोनलाच उत्तर द्यायचे: "आलो असतो, पण बाईसाहेबांनी च्या दिला न्हाई अजून." चहा शेळीच्या दुधाचा, गुळाचा, वास थोडा उग्र. शहरातल्या माणसाला तो पाजला की कपातच बघत बसतो. मला मात्र आजही दुसरा चहा हा चहा वाटत नाही. आता तर साखर बंद, गूळ बंद, आणि दूध पिशवीतलं. तक्रार करत नाही, फक्त सांगते.

राजकारण खरं रंगायचं ते जेवताना. आई आबांना उलट बोलायची नाही. तिची पद्धत वेगळी होती. ज्या दिवशी आबांच्या शेळ्या बंदीच्या हद्दीत दिसल्याची खबर यायची, त्या दिवशी ठेचा तिखट व्हायचा. हुलग्याचे शेंगोळे असले तर रश्श्यावर लाल तवंग यायचा. आबांना तिखट सोसायचं नाही, हे आईला पक्कं ठाऊक. आणि आई मुद्दाम करतेय, हे आबांना पक्कं ठाऊक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी बाजरीची भाकरी मोडत ते शांतपणे म्हणायचे, "सुमन, आज ठेचा झकास जमलाय. अजून वाढ." आई वाढायची. दादा ताटात बघत राहायचे. त्या घरातलं सगळं भांडण मी मिरचीच्या मापात मोजायला शिकले.

आता या बंदीचं थोडं सांगायला हवं. आई राहू गावची. तिचं माहेर नदीकाठी, ऊस, पाट, पाण्याचा कधी विचार करायची वेळ न आलेलं. लग्न होऊन ती आमच्याकडं आली आणि हंडे घेऊन टँकरची वाट बघायला शिकली. गावाला तळं होतं, पण ते गाळानं इतकं भरलेलं की पावसाळ्यात पसरट पाणी साचायचं आणि थंडी संपायच्या आत आटून जायचं. गाळ यायचा कुठून, तर वरच्या डोंगरावरून. डोंगराचं नावच बोडकं. गवताची काडी टिकायची नाही, त्यामुळं पावसाबरोबर माती सुटून थेट तळ्यात. बचत गटाच्या बायकांना घेऊन आई कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि परत आल्यावर तिला दुसरं काही सुचेना. त्या उन्हाळ्यात पोकलेननं तळ्यातला गाळ निघाला, शेतकऱ्यांनी तो ट्रॉल्या भरून रानात नेला. आणि बायकांनी, पोरांनी, कंपनीतून सुट्टी घेऊन आलेल्या माणसांनी डोंगरावर आडवे चर खांदले, घळींमध्ये दगडांचे बांध रचले. चरात पाणी अडेल, मातीही अडेल, हे खरं. पण गवत उगवल्याशिवाय चर पुन्हा बुजणार. आणि गवत उगवायचं तर निदान पहिला पावसाळा, दिवाळीपर्यंत, शेळ्यांची तोंडं डोंगराला लागता कामा नयेत. ग्रामसभेत ठराव झाला, सगळ्यांचे हात वर झाले. जनावर हद्दीत सापडलं तर कोंडवाड्यात जाईल, आणि मालकानं एक सकाळ डोंगरावर दगड रचायचं काम केल्यावरच सुटेल. हात वर करणाऱ्यांत आबाही होते. नंतर आईनं आठवण दिली तेव्हा म्हणाले, "मी घाम पुसाय हात उचलला होता."

आबांची बाजू अशी की आमची मूळची मेंढरं राखणारी माणसं. आबांचे वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणच्या बाजूला उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. आबांच्या काळात थोडी जमीन झाली, घर झालं, मेंढरं गेली. उरल्या त्या शेळ्या. चालणं सुटलं, पण आबांना बसणं काही जमलं नाही. चंद्री, बाणी, लंगडी, त्यांची करडं, आणि सगळ्यांच्या पुढं एक दाढीवाला बोकड, त्याचं नाव मॅनेजर. हे नाव दादांनी ठेवलेलं, कंपनीतल्या कुठल्यातरी रागातून. कारण विचारलं की सांगायचे, "काम काय करत न्हाई, पण पुढं चालतो." आमच्या बांधाला मका होता, कडबा होता. या शेळ्यांना डोंगराची गरज होती असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येणार नाही. गरज आबांना होती. सुनेनं पाटी लावून डोंगर बंद करावा आणि आपण मुकाट्यानं खाली बसावं, हे त्यांच्या पायांना मान्य नव्हतं.

राखणीला माझ्या जोडीला प्रज्ञा होती. बुद्धविहाराच्या मागच्या आळीत राहायची, माझ्याच वर्गात, आणि माझ्यापेक्षा चारपट डोकं. तिचे वडील नव्हते. आई, म्हणजे कमलमावशी, दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची, आणि उन्हाळाभर आमच्या आईच्या शेजारी उभी राहून तिनं चर खांदले होते. कॉलेज सकाळचं असलं की आम्ही दुपारी डोंगरावर जायचो, सुट्टी असली की सकाळपासून. पावसानं डोंगराला हिरवी लव आली होती. चरांमध्ये गढूळ पाणी साचलेलं, त्यात आभाळ दिसायचं. आम्ही पुस्तकं घेऊन बसायचो, अभ्यास सोडून सगळं बोलायचो, आणि डोळा हद्दीवरच्या घायपाताच्या रांगेवर ठेवायचो. रांगेच्या पलीकडं छत्री उघडून आबा बसलेले असायचे.

"आबा, शेळ्या मागं घ्या," मी ओरडायची.

"मी कुठं पुढं घेतल्यात? त्या गेल्या."

"तिथं बोर्ड लावलाय."

"व्हय, मी वाचला. झ्याक अक्षर हाय. पण त्यांना वाचाय येत न्हाई, त्याला मी काय करू?"

मग उठून, गुडघ्यावर हात ठेवून, जगातली सगळी दुखणी एकदम आल्यासारखे कण्हत ते शेळ्या मागं घ्यायचे. आमची पाठ वळली की शेळ्या परत आत. घुंगरांवरून आम्हाला सुगावा लागतो हे कळल्यावर त्यांनी घुंगरांत चिंध्या कोंबल्या. कधी ते शेळ्या खालीच ठेवून वरच्या बाजूनं एकटे यायचे, आमच्याशी गप्पा मारत बसायचे, भुईमुगाच्या शेंगा द्यायचे, आणि तेवढ्यात मॅनेजर सगळ्यांना घेऊन घळीतून वर. शेंगा खाऊन झाल्यावर हे आमच्या लक्षात यायचं. शेंगा खारवलेल्या असायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

आणि मग एक दिवस शिट्टीच उलटली. मॅनेजरनं हद्दीच्या आत पाय टाकला म्हणून मी नेहमीप्रमाणं जोरात शिट्टी फुंकली. इतके दिवस शिट्टीनं शेळ्या बुजायच्या. त्या दिवशी सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, कान टवकारले, आणि घायपात ओलांडून, चर उड्या मारून पार करत, थेट आमच्याकडं धावत सुटल्या. मी आणखी जोरात फुंकली. त्या आणखी जोरात आल्या. आमच्याभोवती कोंडाळं करून उभ्या राहिल्या, आणि चंद्री माझ्या ओढणीचा शेव चघळायला लागली. खालून आबा सावकाश वर आले, छत्री मिटली आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "पोरींनो, एकीकडं बंदी म्हणता आन् दुसरीकडं तुम्हीच बोलावताय व्हय त्यांना? मी सुमनच्या कानावर घालतो."

घातलंही. त्या रात्रीच्या जेवणात आबांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि आई माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं आता ठेचा माझ्या ताटात येणार. दुसऱ्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, "सारे, त्या भिऊन पळत न्हाईत. त्या जेवाय येत्यात. बघ जरा घरी." माझं नाव सारिका, पण तिनं ते कधी पूर्ण घेतलं नाही. मी घरी बघितलं. दिवेलागणीच्या आधी गोठ्याच्या मागं आबा एका पत्र्याच्या झाकणात मक्याचा भरडा घेऊन बसलेले, आणि त्यांच्या तोंडात शिट्टी. माझ्या शिट्टीसारखीच, शिरूरच्या बाजारातून आणलेली. हळू फुंकायचे, शेळ्या यायच्या, भरडा मिळायचा. मला बघून त्यांनी शिट्टी तोंडातून काढली नाही. तशीच ठेवून हसले, त्यामुळं ती बारीक वाजली आणि मॅनेजर पुन्हा झाकणाकडं आला.

मी हे आईला सांगितलं नाही, प्रज्ञाला सांगितलं. ती खूप वेळ हसली, आणि हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी आता त्या शिट्टी जाईल तिकडं जाणार?" पुढचं तिला सांगावं लागलं नाही, आणि मलाही.

आबा दुपारी भाकरी खाऊन घायपाताच्या सावलीला छत्रीखाली आडवे व्हायचे. त्या दिवशीही झाले. शेळ्या हद्दीच्या आत बऱ्याच वर होत्या. आम्ही वळसा घालून पायवाटेवर उतरलो आणि मी शिट्टी वाजवली, हलकीच, आबांसारखी. शेळ्या आल्या. मी उलटी चालत, वाजवत, गावाकडं निघाले. त्या मागोमाग. मॅनेजर सगळ्यांच्या पुढं, मान ताठ. आमच्या घरावरून, शाळेवरून, किराणा दुकानावरून आमची वरात चालली. शाळेतली पोरं खिडक्यांना लागली. गिरणीतले दोघं पीठ झाडत बाहेर आले. वाटेत माझ्या लक्षात आलं की कळपात एक काळी शेळी आहे आणि तिच्यामागं काळंच करडू. या आमच्या नव्हत्या. मी शिट्टी थांबवली.

"प्रज्ञा, ही तुमची काळी ना?"

"व्हय. आबा रोज नेत्यात आमच्या बी. आई कामावर असती, बांधायला जागा न्हाई, चाराय रान न्हाई. वाजव तू."

"अगं पण कोंडवाड्यात जाईल."

"जाऊ दे. नुसत्या तुमच्या धरल्या तर गाव म्हणंल सासऱ्या-सुनंचं भांडण हाय, आन् हसून घरी जाईल. आमच्या बी आत गेल्या म्हंजी बोलावं लागंल." तिचा चेहरा हसरा नव्हता. "वाजव म्हणलं ना."

मी वाजवली. चावडीच्या मागं कोंडवाडा, पडकी भिंत आणि बांबूचं फाटक. कित्येक वर्षांत त्यात जनावर गेलं नव्हतं. शिपायाला किल्ली सापडेना, म्हणून त्यानं फाटक सुतळीनं बांधलं आणि कुलूप बांधल्याच्या थाटात हात झाडले. कमलमावशीला रानात निरोप गेला. ती खुरपं हातात घेऊनच आली, फाटकातून काळीला बघितलं आणि प्रज्ञाकडं वळली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ती करडाच्या डोक्यावरून हात फिरवून तशीच चावडीच्या पायरीवर बसून राहिली. इतका वेळ मला मजा वाटत होती. त्या पायरीकडं बघितल्यावर ती कमी झाली.

ऊन कलल्यावर चावडीपुढं माणसं जमली. आईच्या ग्रुपवरच्या निरोपाला एवढी कधी जमली नव्हती. आबा इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून आले, सत्काराला आल्यासारखे, आणि पुढंच बसले. सरपंच मधोमध. त्यांच्या शेजारी आप्पा, गावातले मोठे बागायतदार. तळ्याच्या खालच्या बाजूला त्यांचं रान आणि विहिरी. माणूस वाईट नव्हता, उन्हाळ्यात गाळ वाहायला त्यांनी आपणहून ट्रॅक्टर दिला होता. पण नियम या शब्दावर त्यांचं फार प्रेम, विशेषतः दुसऱ्याला लागू होणाऱ्या नियमावर. ते उठून म्हणाले, "यात बोलण्यासारखं काय न्हाई. शेळ्या सापडल्या, मालकांनी डोंगरावर दगड रचावा. आबा असू द्या न्हाईतर आणखी कोण. नियम म्हंजी नियम."

"मी कुठं न्हाई म्हणतोय?" आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "उद्याच जातो. सून बी खुश, डोंगर बी खुश."

लोक हसले. सरपंचही हसले आणि उठायच्या बेतात होते. तेव्हा कमलमावशी उभी राहिली. तिनं पदर खोचला आणि खाली बघत बोलायला लागली, पण आवाज मागपर्यंत जात होता.

"मी बी दगड रचते. उन्हाळाभर रचलेतच. सुमनताईला माहिताय, तिच्याच बाजूला होते मी. तळ्यात पाणी साठलं, चांगलं झालं. ते पाणी खाली विहिरींना उतरंल. माझी विहीर न्हाई, मला रान न्हाई. डोंगरावरचं गवत तेवढं माझं होतं, ते तुम्ही बंद केलं. माझ्या दोन शेळ्यांनी दिवाळीपतोर काय खायचं, एवढं सांगा. मग मी गप बसते."

कोणी हसलं नाही. मी आईकडं बघत होते. माझ्या आईला उत्तराची वाट बघायची सवय नव्हती, उत्तर तिच्या तोंडात तयारच असायचं. त्या वेळी ती कमलमावशीच्या पायाशी पडलेल्या खुरप्याकडं बघत होती. उन्हाळाभर दोघी एका चरात उभ्या राहिल्या होत्या, एकीनं उकरायचं आणि दुसरीनं माती उचलायची, एकमेकींच्या डब्यातलं खायचं. आणि हा प्रश्न आईच्या मनाला शिवला नव्हता. तो शिवला नव्हता हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते कळताना मी बघितलं. आईचा चेहरा तसा मी पुन्हा फार थोड्या वेळा पाहिला.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "प्रश्न बरोबर हाय. पण आज हा विषय न्हाई. पुढच्या ग्रामसभेत घेऊ." पुढची ग्रामसभा म्हणजे कधी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं उठून कपडे झटकायला लागली. प्रज्ञानं मला कोपरानं ढोसलं. तिनं माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघितलं, मग चावडीच्या मागं बघितलं. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि आभाळाकडं बघायला लागले, म्हणजे त्यांना काही दिसलं नव्हतं.

मी शिट्टी फुंकली.

आधी मागून बांबू कडकडल्याचा आवाज आला. मग सुतळीसकट फाटक गेलं आणि मॅनेजर चावडीच्या कोपऱ्यावरून वळून आला. दुपारपासून कोंडलेल्या शेळ्यांना कोणी पाण्याचा थेंब विचारला नव्हता, वैरणीचं तर नावच नाही. त्या भरड्याच्या आशेनं थेट माणसांत घुसल्या. सतरंजी उलटी झाली. बायका पोरांना उचलून कडेला झाल्या. लंगडी सरपंचांच्या खुर्चीखाली अडकली. मॅनेजरनं टेबलावर ठेवलेला हार ओढला आणि सगळ्यांसमोर उभं राहून झेंडू खायला लागला. आणि कमलमावशीची काळी, एवढी माणसं सोडून, आप्पांपाशी गेली आणि त्यांच्या उपरण्याचं टोक तोंडात धरून ओढायला लागली. आप्पांनी उपरणं आपल्याकडं ओढलं. काळीनं तिच्याकडं ओढलं. करडू आप्पांच्या दोन पायांच्या मधून ओरडत होतं. सगळं गाव हसत होतं, आणि शेवटी आप्पांनाही हसू आवरेना.

"अरे, उपाशी हायत बिचाऱ्या," ते म्हणाले. "कुणीतरी जा रे, माझ्या रानातनं हिरवं मकवान आणा ह्यांना. घाला म्हणावं पोटभर."

आई त्या क्षणी उभी राहिली. तिच्या आवाजात मोठा आदर होता. "आप्पा, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून गाव चालतंय. ऐकलं का सगळ्यांनी? डोंगर बंदच राहणार. पण गवत वाढस्तवर, ज्यांना रान न्हाई त्यांच्या शेळ्यांना आप्पा रोज मकवान देणार."

"रोज?" आप्पा म्हणाले.

"रोजच म्हणाले," आबा गंभीरपणे म्हणाले. "मी समोर बसलोवतो."

"मी बी ऐकलं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग ऐकलेल्यांची संख्या वाढतच गेली. आप्पांनी उपरण्याचं ओलं टोक पिळलं, गावाकडं बघितलं, आईकडं बघितलं. "एकटा मीच का? खाली विहिरी हायत त्या सगळ्यांनीच द्या की पाळीपाळीनं," ते म्हणाले, आणि आईनं तेही लगेच मान्य करून टाकलं. तिनं लागलीच पुढचंही सांगितलं: दसऱ्याच्या सुमारास डोंगरावरचं गवत विळ्यानं कापायचं, जनावर आत न घालता डोक्यावरून खाली आणायचं, आणि पहिले भारे ज्यांना जमीन नाही त्यांचे. कमलमावशी खाली बसली. बसताना तिनं प्रज्ञाच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यात राग किती आणि दुसरं काय किती, ते प्रज्ञानं मला कधी सांगितलं नाही.

आबा कमलमावशीसाठी शेळ्या नेत होते की सुनेवर कुरघोडी करायला, हे मी अनेकदा विचारलं, वेगवेगळ्या वयांत. त्यांनी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. आता मीच आईच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ येत चाललेय आणि माझेही गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा वाटतं की माणूस एका कामाला एकच कारण ठेवतो असं नाही. रस्त्यात पोलिसाची शिट्टी ऐकली की मात्र मी अजून आजूबाजूला शेळ्या बघते.

ठरल्याप्रमाणं आबा आणि कमलमावशी सकाळी घळीत दगड रचायला गेले. आईही गेली. म्हणाली, ठराव करताना आम्ही अर्धाच विचार केला, तेव्हा मलाही एक सकाळ लागू. मी न्याहारी घेऊन गेले तेव्हा तिघं ओळीनं बसून दगड पुढं सरकवत होती. आबा विचारत होते, "सुमन, तू राहूची. पाण्यात वाढलीस. तुला ह्या कोरड्या डोंगराचं एवढं काय पडलंय?"

आई म्हणाली, "मला बघाय आलावता तवा तुम्हीच माझ्या वडलांना सांगितलं, आमच्या गावाला मोठं तळं हाय. मी नांदाय आले तर तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती."

आबांनी हातातला दगड नीट बसवला. हलतोय का बघितलं. "मी हाय म्हणलं न्हवतं," ते म्हणाले. "होईल म्हणलो होतो." कमलमावशीला एवढं हसू आलं की तिला दगड खाली ठेवावा लागला. त्या दिवशी न्याहारीला गोड दशम्या होत्या, आणि आबांनी मला हळूच विचारलं की सुमनला बरं नाही का.

मकवान रोज आलं. कधी आप्पांचा गडी आणायचा, कधी बाकीच्या विहिरवाल्यांचा, कधी आप्पा स्वतःच, तोंडानं पुटपुटत, आणि काळी त्यांना लांबून ओळखायला लागली. डोंगरावर गवत चढत गेलं. पवना, मारवेल, आणि ज्यांची नावं मला येत नाहीत असली बारीक तुऱ्यांची गवतं. पाऊस पडला की ओघळ आता लाल नव्हता, नितळ उतरायचा. दसरा जवळ आला आणि कापणी सुरू झाली. पहिल्या दिवशी कमलमावशीच्या आळीतल्या बायका वर चढल्या, विळ्यांचा सरसर आवाज सगळ्या उतारावर, आणि भाऱ्याखाली चेहरा न दिसणाऱ्या बायका पायवाटेनं ओळीनं खाली. आबाही वर आले होते, शेळ्यांशिवाय, हात मागं बांधून. त्यांनी काही कापलं नाही. ते न कापलेल्या भागात शिरले आणि चालत राहिले, गवत दोन्ही हातांनी बाजूला करत, कुठंही न बघता.

दुपारी मी भाकरी घेऊन वर गेले तेव्हा आबा दिसेनात. आई म्हणाली, "आता तर इथं होते," आणि त्यांना बघायला गवतात शिरली. खाली तळं काठापर्यंत भरलेलं, त्यावर कुठलेतरी पांढरे पक्षी उतरलेले. वाऱ्यानं सगळा डोंगर एका बाजूला झुकायचा आणि परत उभा राहायचा. बराच वेळ झाला, आईही परतेना. मी हाक मारली, आबा. मग हाक मारली, आई. कोणी ओ दिली नाही. पण जवळच कुठंतरी गवतात कुणीतरी हसू दाबत होतं, आणि ते एकाचं नव्हतं, दोघांचं होतं. बसलेलं माणूस दिसू नये एवढं गवत बोडक्या डोंगरावर आलं होतं. मी आणखी एकदा हाक मारून बघितली. मग भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन मीही खाली बसले.